उपग्रहाला हिरवं दिसतं, शेळीच्या पोटात काय जातं?

(युवा शिबिरात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मघाशी चहाच्या वेळी एकानं मला विचारलं, "भाई, तुम्ही सॉफ्टवेअरवाले. आफ्रिकेतल्या गुराख्यांशी तुमचा काय संबंध? आणि आमचा तरी काय?" प्रश्न रास्त आहे. तिथूनच सुरुवात करतो.

काही वर्षांपूर्वी माझे अब्बा-अम्मी हजला गेले. परत आल्यावर मी अब्बांना विचारलं, "कुर्बानीचा बकरा कसा होता?" ते हसले. म्हणाले, "बकरा कुठे पाहिला? कूपन घेतलं, पैसे भरले, कुर्बानी झाल्याचं कळलं, संपलं." माझ्या डोक्यात मात्र तो बकरा राहिला. तो आला कुठून?

शोधायला लागलो तेव्हा नकाशावर बर्बेरा हे नाव सापडलं. एडनच्या आखाताच्या दक्षिण किनाऱ्यावरचं, सोमालीलँडमधलं हे बंदर. हजच्या हंगामात इथून लाखो शेळ्यामेंढ्या जहाजानं सौदी अरेबियाला जातात. २००० साली सौदी अरेबिया आणि येमेनमध्ये रिफ्ट व्हॅली तापाची साथ आली आणि सौदीनं हॉर्न ऑफ आफ्रिकेतून येणाऱ्या जनावरांवर बंदी घातली. सोमाली जनावरांवरची ती बंदी उठायला २००९ उजाडलं. नऊ वर्षं! ज्या कुटुंबाचं सगळं धन म्हणजे कळप, त्याची सर्वात मोठी बाजारपेठ नऊ वर्षं बंद. आपल्या घरातल्या कूपनाच्या दोरीचं दुसरं टोक अशा एखाद्या कुटुंबाच्या हातात असू शकतं. संबंध आहे तो असा.

आता दुसरा प्रश्न, सॉफ्टवेअरवाल्याचं तिथे काय काम? त्याआधी तिथलं जगणं थोडं समजून घेऊ.

केनियाची ८० टक्क्यांहून अधिक जमीन कोरडी किंवा अर्धकोरडी आहे. उत्तरेला मार्साबित, वजीर, मांडेरा, तुर्काना हे जिल्हे. तिथे बोराना, गब्रा, रेंडिले, सोमाली, तुर्काना असे पशुपालक समाज राहतात. पावसाचे दोन हंगाम, मार्च ते मे आणि ऑक्टोबर ते डिसेंबर. पण पाऊस सगळीकडे सारखा पडत नाही. एका टेकडीवर पडेल, पलीकडच्या माळावर थेंबही नाही. शेती करणाऱ्याला अशी जमीन बेभरवशाची वाटते. पशुपालक मात्र तिच्याकडे वेगळ्या नजरेनं पाहतो. पाऊस आपल्याकडे येत नसेल तर आपण पावसाकडे जायचं. कुठे पडला, कुठलं गवत फुटलं, वाटेत पाणी कुठे, कुठल्या रानात गोचीड, कुणाशी बोलून परवानगी घ्यायची, हा सगळा हिशेब डोक्यात ठेवून कळप हलतो. आपण त्याला भटकणं म्हणतो. खरं तर ते नियोजन आहे. आणि ते पाठ करून ठेवता येत नाही, दर हंगामाला नव्यानं करावं लागतं.

वसाहतीच्या काळापासून सरकारं एकच सांगत आली: हे लोक मागासलेले आहेत, यांना एका जागी बसवा, विहीर खोदून द्या, कुंपण घाला. जिथे हे झालं तिथे बहुतेक वेळा विहिरीभोवतालची जमीन तुडवून उघडी पडली आणि दुष्काळ आला तेव्हा कळपाला जायला वाट उरली नाही.

आज मला एवढंच सांगायचं आहे की या कोरड्या प्रदेशात जे संशोधन पशुपालकाचं ज्ञान धरून चाललं ते टिकलं. ज्यानं त्याला फक्त 'लाभार्थी' मानलं ते अडखळलं. याची दोन उदाहरणं देतो.

पहिलं उदाहरण बुळकांडीचं. तुमच्या आजोबांना हा शब्द माहीत असेल. गुरांचा हा भयंकर रोग. १८८० च्या दशकाच्या शेवटी इटालियन फौजेसाठी आणलेल्या गुरांबरोबर तो आजच्या इरिट्रियात उतरला. ती गुरं भारतातून गेली असावीत, असं बऱ्याच इतिहासकारांचं मत आहे. पुढच्या काही वर्षांत रोग पार दक्षिण आफ्रिकेपर्यंत पोहोचला. अनेक भागांत ८० ते ९० टक्के गुरं मेली. इथिओपियात भीषण दुष्काळ पडला.

यावर चांगली लस शोधली वॉल्टर प्लोराइट या पशुवैद्यानं, केनियातल्या मुगुगा इथल्या प्रयोगशाळेत. पण तिला बर्फात ठेवावं लागे. जिथे रस्ता नाही, वीज नाही, तिथे बर्फ कुठून आणणार? १९६० आणि ७० च्या दशकांत मोठी मोहीम झाली, रोग जवळजवळ संपला आणि पुन्हा उसळला. तो जिथे दडून राहिला होता ती ठिकाणं म्हणजे सर्वात दूरची, युद्धात होरपळलेली पशुपालकांची रानं.

मग जेफ्री मरिनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच लशीचं असं रूप तयार केलं की ती फ्रीजबाहेर जवळजवळ महिनाभर टिकावी. पण माझ्या मते खरा बदल त्याच्या पुढचा. ती लस द्यायची कुणी? इथिओपियातल्या अफार प्रदेशात आणि दक्षिण सुदानमध्ये पशुपालकांमधलेच तरुण निवडले, त्यांना शिकवलं आणि लस त्यांच्या खांद्यावरच्या पिशवीत दिली. कळप कुठे आहे हे त्यांना शोधावं लागत नव्हतं, ते कळपाबरोबरच होते. शिवाय संशोधकांनी पशुपालकांना विचारायला सुरुवात केली: हा रोग तुम्ही कसा ओळखता, शेवटचा कधी पाहिला, कुठून आला? त्यांच्या भाषांत या रोगाला नावं होती, लक्षणांचं नेमकं वर्णन होतं. सरकारी कागदावर जो रोग नव्हता तो त्यांच्या सांगण्यातून सापडला. अफारमध्ये १९९५ नंतर बुळकांडी दिसली नाही. जून २०११ मध्ये हा रोग जगातून संपल्याचं जाहीर झालं. माणसांच्या देवीनंतर माणसानं संपवलेला हा दुसरा रोग. आता शेळ्यामेंढ्यांच्या पीपीआर रोगाला २०३० पर्यंत हटवायचं ठरलं आहे. हा रोग आपल्या धनगरांनाही चांगलाच माहीत आहे.

दुसरं उदाहरण माझ्या धंद्याच्या जवळचं. ते सांगण्याआधी एक कबुली.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी एका कंपनीत हवामानावर आधारित विम्याच्या सॉफ्टवेअरवर काम करत होतो. नियम सोपा होता: जवळच्या केंद्रावर अमुक मिलीमीटरपेक्षा जास्त पाऊस नोंदला गेला तर दावा 'अपात्र'. कोड मी लिहिला, तपासला, बरोबर चालला. त्या वर्षी आजोळी मराठवाड्यात गेलो. मामू शेतात घेऊन गेले. सोयाबीन करपलं होतं. पर्जन्यमापक नऊ किलोमीटरवर. तिथे पाऊस झाला होता, मामूंच्या शेतात नाही. मामूंचा विमा आमच्या कंपनीकडे नव्हता, पण नियम तसाच होता. ते मला एवढंच म्हणाले, "बेटा, तुमच्या कॉम्प्युटरनं माझ्या शेताकडं एकदा तरी पाहिलं का?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. माझ्या प्रोग्राममध्ये एकही चूक नव्हती आणि तरीही त्यानं दिलेलं उत्तर चुकीचं होतं.

हाच प्रश्न जानेवारी २०१० मध्ये मार्साबितमध्ये उभा राहिला. नैरोबीच्या आंतरराष्ट्रीय पशुधन संशोधन संस्थेनं, अँड्र्यू मुडे या केनियन अर्थतज्ज्ञाच्या नेतृत्वाखाली, अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठासारख्या भागीदारांबरोबर पशुपालकांसाठी विमा आणला. अडचण उघड होती. शेकडो किलोमीटर पसरलेल्या प्रदेशात कुणाची किती जनावरं मेली, हे मोजायला माणूस पाठवणं परवडणारच नाही. मग त्यांनी आकाशातून मोजायचं ठरवलं.

निरोगी पान लाल प्रकाश शोषून घेतं आणि डोळ्याला न दिसणारा अवरक्त प्रकाश परत फेकतं. उपग्रह हे दोन्ही मोजतो. दोघांची वजाबाकी करायची आणि बेरजेनं भागायचं, की हिरवाईचा एक आकडा मिळतो. वापरलेल्या चित्रात एक ठिपका अडीचशे मीटर लांब-रुंद, म्हणजे साधारण पंधरा एकर. तो आकडा त्याच भागाच्या मागच्या अनेक वर्षांशी ताडून पाहायचा. हिरवाई फारच घसरली तर त्या भागातल्या सगळ्या विमाधारकांना भरपाई. कुणाच्या दारात जायला नको, कुणी खोटा दावा करायला नको. जनावरांचा हिशेबही सोपा ठेवला: एक गाय म्हणजे एक एकक, दहा शेळ्यामेंढ्या मिळून एक, एक उंट म्हणजे १.४.

कल्पना चांगलीच आहे. २०११ च्या दुष्काळात पहिली भरपाई मिळाली. नंतर संशोधकांनी पाहिलं की ज्यांच्याकडे विमा होता त्यांच्यात, जरा बऱ्या स्थितीतल्या कुटुंबांनी जनावरं पडेल भावात विकायचं टाळलं आणि गरीब कुटुंबांना जेवण कमी करावं लागण्याचं प्रमाण घटलं. या कामासाठी मुडे यांना २०१६ चा नॉर्मन बोरलॉग पुरस्कार मिळाला.

पण गोष्ट इथे थांबत नाही. पहिल्या करारात मरतूक किती होईल याचा अंदाज काढून, ती ठरलेल्या मर्यादेच्या वर गेली की पैसे मिळत. म्हणजे जनावर मेल्यावर. पशुपालकांच्या दृष्टीनं हे उलटं होतं. जनावर गेल्यावर पैसा मिळाला तरी तसंच दुभतं, तसंच काटक, त्या रानाला सरावलेलं जनावर पुन्हा कुठे मिळणार? चारा संपत आला तेव्हाच पैसे मिळाले तर चारा-पाणी घेऊन जनावर जगवता येतं. पुढे करार बदलला. जनावर मेल्यावर भरपाई देण्याऐवजी ते वाचवण्यासाठी आधी पैसे द्यायचे, असं ठरलं. माझ्या दृष्टीनं या सगळ्या प्रकल्पातली ही सर्वात मोठी सुधारणा, आणि त्यासाठी नवा उपग्रह लागला नाही.

तरीही मामूंचा प्रश्न उरतोच. २०१६ मध्ये याच प्रकल्पाच्या संशोधकांनी स्वतःचंच काम तपासून निकाल छापला. दुष्काळासारखं सगळ्यांवर एकदम येणारं संकट घेतलं, तर मोठ्या नुकसानीची जोखीम हा विमा सरासरी ६३ टक्क्यांनी कमी करत होता. पण रोग, चोरी, लांडगे-तरस, एखाद्याचाच कळप वाट चुकणं, हे सगळं धरलं तर मोठ्या नुकसानीच्या मूळ जोखमीपैकी सरासरी ६९ टक्के जोखीम विमाधारकाच्या डोक्यावरच राहत होती. हा आकडा त्यांनी लपवला नाही, याचं मला कौतुक वाटतं. विकणाऱ्यानं मात्र हा आकडा घेणाऱ्यालाही सांगायला हवा. 'तुमचा कळप सुरक्षित' असं म्हणणं आणि 'तुमच्या संकटाचा एक भाग आम्ही उचलतो' असं म्हणणं, यात इमानाचा फरक आहे.

शिवाय हिरवं म्हणजे चारा नव्हे. तुम्ही गावाकडे वेडी बाभूळ पाहिली आहे ना? तीच केनियातही आहे. १९८० च्या दशकात सरपण मिळावं, जमीन धरून राहावी म्हणून ती बरिंगो भागात लावली गेली. ती पसरली आणि तिनं कुरणं गिळली. तिच्या गोड शेंगा खाऊन शेळ्यांचे दात किडले, गळून पडले. २००६ मध्ये तिथला इल चामुस समाज न्यायालयात गेला, तेव्हा पुरावा म्हणून दात नसलेली एक शेळी घेऊन गेला! आता विचार करा, आकाशातून वेडी बाभूळ कशी दिसेल? हिरवीगार. उपग्रहाचा आकडा म्हणेल सगळं छान आहे, आणि खाली शेळीला दातच नाहीत.

आता तकाफुलबद्दल. वजीर जिल्हा बहुतांशी सोमाली मुस्लिमांचा. तिथे अनेकांनी साधा विमा नाकारला. त्यात अनिश्चिततेचा सौदा आहे, जुगाराचा अंश आहे, पैसा व्याजात फिरतो, असे आक्षेप होते. संशोधक 'लोक अडाणी आहेत' म्हणून मोकळे होऊ शकले असते. तसं झालं नाही. २०१३ मध्ये तकाफुल इन्शुरन्स ऑफ आफ्रिका या कंपनीनं वजीरमध्ये पशुधन तकाफुल सुरू केलं. उपग्रहाचा आकडा तोच, पण पैशाची रचना वेगळी. सगळे सहभागी एका निधीत तबर्रु म्हणून, म्हणजे मदतीच्या नियतीनं, रक्कम टाकतात. कंपनी चालवण्याचं ठरावीक शुल्क घेते. संकट आलं तर निधीतून मदत, आणि उरलं तर तो निधी सहभागी लोकांचा. २०१४ मध्ये तिथे पहिली रक्कम वाटली गेली. मिळणारे शंभरच्या आसपासच होते, पण सुरुवात झाली.

ही रचना त्यांना परकी वाटली नाही, यात नवल नाही. बोराना लोकांत बुसा गोनोफा नावाची जुनी रीत आहे. ज्याचा कळप बुडाला त्याला कुळातले लोक जनावरं देऊन पुन्हा उभं करतात. संकट वाटून घेण्याची कल्पना तिथे उपग्रहाच्या आधीपासून आहे. तकाफुलमुळे ती सबंध जिल्ह्याएवढी मोठी करता येते, कारण दुष्काळ आला की कुळातल्या सगळ्यांचेच कळप एकदम बुडतात आणि द्यायला कुणाकडेच काही उरत नाही.

पण एक इशारा. धर्माचा शिक्का लागला म्हणून हिशेब विचारायचा थांबवू नका. तकाफुलमध्येही आकडा चुकू शकतो, पैसे उशिरा येऊ शकतात. रचना शरियतला धरून आहे का, हा एक प्रश्न. ज्याची शेळी मेली त्याला काही मिळालं का, हा दुसरा. दोन्ही विचारायला हवेत.

२०१५ मध्ये केनिया सरकारनंही असाच कार्यक्रम सुरू केला. गरीब पशुपालक कुटुंबाच्या पाच एककांचा हप्ता सरकार भरत असे. फेब्रुवारी २०१७ मध्ये १२ हजारांहून अधिक कुटुंबांना २१ कोटींहून जास्त शिलिंग दिले गेले. त्यानंतर २०२० च्या अखेरीपासून सलग पाच पावसाळे कोरडे गेले. गेल्या चाळीस वर्षांतला सर्वात वाईट दुष्काळ. एकट्या केनियात सुमारे २५ लाख जनावरं मेली. एवढ्या मोठ्या संकटाला एकटा विमा पुरा पडत नाही. कळपाला जायला मोकळी वाट लागतेच, आणि ती वाट बंद होते आहे. मार्साबित जिल्ह्यातच तुर्काना सरोवराजवळ ३६५ पवनचक्क्यांचा मोठा प्रकल्प उभा राहिला. स्वच्छ वीज, चांगली गोष्ट. पण २०२१ मध्ये न्यायालयानं म्हटलं की त्या प्रकल्पाची जमीन कायदेशीर प्रक्रिया न पाळता घेतली होती. ती स्थानिक समाजाची सामायिक जमीन होती. कागदावर 'रिकामी' दिसणारी ती जमीन कुणाच्या तरी दुष्काळातला शेवटचा आसरा होती.

तुमच्यापैकी बरेच जण इंजिनिअर होणार, काही डेटावर काम करणार. शेतकऱ्यासाठी, मच्छिमारासाठी, रिक्षावाल्यासाठी काही ना काही बनवणार. मी आता नवीन कामाच्या पहिल्या दिवशी तीन प्रश्न वहीत लिहितो. तुम्हीही लिहा. एक: आपण जे मोजतोय ते आणि त्या माणसाचं खरं दुःख, यात अंतर किती? दोन: आपलं उत्तर चुकलं तर तो कुणाकडे दाद मागेल, आणि तो माणूस फोन उचलेल का? तीन: हे ठरवताना तो खोलीत होता का? मामूंच्या वेळी मी तिन्हींत नापास झालो होतो.

आणि एक छोटं काम. पुढच्या बकरी ईदला बाजारात जाल तेव्हा भाव करण्याआधी विकणाऱ्याला विचारा: "चाचा, ही जनावरं कुठल्या रानातली? यंदा चारा कसा होता?" पाच मिनिटं ऐका. आमच्या कुठल्याही स्क्रीनवर न आलेली माहिती तुम्हाला मिळेल, आणि ती देणारा माणूस तुमच्या समोर बसलेला असेल.

 आता प्रश्न विचारा.